पॉलिशच्या आधीचं काम

गाडीला पॉलिश मारणं म्हणजे तिच्यावर चमकेचा एक थर चढवणं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात घडतं ते उलट. पॉलिशच्या क्रीममध्ये अतिशय बारीक, टणक कण असतात. फिरत्या पॅडखाली ते रंगाचा सर्वांत वरचा थर घासतात आणि ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा भाग खाली आणतात. पृष्ठभाग सपाट झाला की त्यावर पडलेला उजेड विखरत नाही, सरळ परततो. आपण जिला चमक म्हणतो ती हीच. म्हणजे दर पॉलिशला गाडीच्या अंगावरून काहीतरी जातं, आणि जे गेलं ते परत बसवायचं तर पुन्हा रंगकामच करावं लागतं. ही गोष्ट नीट मनात उतरली की मशीन चालू करण्याआधीच्या कामाकडे बघण्याची नजर बदलते. धुणं, चिकटलेलं काढणं, तपासणं, टेप लावणं हा कसाबसा उरकायचा भाग राहत नाही. चमकेसाठी किती रंग खर्च करावा लागणार हे तिथेच ठरतं. हे पुस्तक त्या कामाचं आहे.

हा खर्च किती तुटपुंज्या शिलकेतून होतो ते आधी पाहू. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर बसवला जातो, त्यावर सरफेसर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट. बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला साधारण ३५ ते ५० मायक्रॉन येतात. माणसाच्या डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड असतो. उन्हातली अतिनील किरणं शोषून घेणारी रसायनं याच थरात मिसळलेली असतात, त्यामुळे तो पातळ होणं म्हणजे खालच्या रंगाची सावली कमी होणं. लोकरीचं पॅड आणि कडक कंपाउंड घेऊन दाबून फेरी मारली तर दोन-चार मायक्रॉन सहज निघून जातात. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणाऱ्या गाडीचं काय होतं ते रस्त्यावर दिसतंच. आधी बोनेट आणि टप पांढुरका पडतो, मग पापुद्रे सुटू लागतात. त्या अवस्थेला पोहोचलेल्या पॅनेलवर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही.

मग इतकी घासाघीस करण्याची सवय आली कुठून? ती सरळ इतिहासातून आली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी घोडागाड्यांसारख्याच ब्रशने रंगवत. वॉर्निशचे थर वाळायला आणि घासायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. ड्युपाँ कंपनीने जनरल मोटर्सबरोबर तयार केलेलं ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२४च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर आलं आणि रंग वाळण्याचा वेळ एकदम खाली आला. पण हे लॅकर वाळल्यावर मंद दिसे. चमक आणायची तर ते घासून, पॉलिश करूनच. म्हणजे पॉलिश हा तेव्हा रंगकामाचाच एक टप्पा होता. पुढे आलेल्या इनॅमलच्या गाड्याही एकाच रंगथराच्या, वर क्लिअर कोट नसलेल्या. आपल्या रस्त्यांवरच्या अॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनी याच घराण्यातल्या. उन्हाने रंग करपट होई, वरचा मेलेला थर कंपाउंडने उतरवला की खालचा ताजा रंग वर येई. त्या काळच्या कारागिरांनी हे काम जीव ओतून केलं आणि ते त्या रंगासाठी बरोबरच होतं.

एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. निळ्या पद्मिनीला कंपाउंड मारलं की हातातलं फडकं निळं व्हायचं. किती रंग निघतोय ते कारागिराला समोर दिसायचं, आणि हात आपोआप थांबायचा. १९८०च्या दशकापासून जगभर बेस कोट आणि क्लिअर कोटची जोडी रूढ होत गेली, आपल्याकडेही आली, आणि हे दिसणं बंद झालं. क्लिअर कोट बिनरंगी. लाल गाडी घासा नाहीतर काळी, पॅडवर पांढरटच उतरतं. कारागीर तोच, मेहनत तीच, पण हाताला थांबवणारी खूण नाहीशी झाली. माझ्या मते आजच्या डिटेलिंगमधली सर्वांत मोठी अडचण ही आहे, आणि तिला उत्तर म्हणजे तयारी. जे डोळ्यांना दिसत नाही ते मापाने, उजेडाने आणि बोटांनी ओळखायला शिकणं.

तयारीत सर्वांत जास्त पानं मी धुण्याला दिली आहेत. काहींना ती जास्त वाटतील. पण गाडीवर येणारे ओरखडे बहुतांशी रस्त्यावर पडत नाहीत, ते पुसताना पडतात. आपल्या हवेतल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतो. क्लिअर कोट त्याच्यापुढे फारच मऊ. पुण्या-ठाण्यात जिथे शेजारी टॉवर उभा राहतोय तिथल्या पार्किंगमधल्या गाडीवर रोज सकाळी सिमेंट आणि दगडाच्या भुकटीची साय असते. त्या सायीवरून कोरडा झटकणी ब्रश फिरवायचा किंवा एकाच बादलीतल्या पाण्यात दहा गाड्यांचं फडकं बुचकळून पुसत जायचं, ही आपल्या सोसायट्यांतली रोजची पद्धत. गाडी पुसणाऱ्या माणसाला यात दोष देण्यासारखं काही नाही. पहाटे उठून तो पंचवीस-तीस गाड्या उरकतो, त्याला मिळतं एकच फडकं आणि तळाशी गाळ बसलेली बादली. मालकांनी त्याला दोन बादल्या आणि चार चांगली मायक्रोफायबर फडकी दिली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. आणि रोज पुसू नका असंही सांगा. कोरडी धूळ गाडीवर बसून राहिली तर तिने फारसं काही बिघडत नाही, ती घासली की बिघडतं.

हे ओरखडे कसे दिसतात ते एकदा स्वतः पाहा. रात्री पार्किंगमध्ये काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या दरवाज्यापासून हातभर अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. टॉर्च सरकवा, वर्तुळंही सरकतील. म्हणजे तिथे खरोखर गोल चरे नाहीत. सगळीकडे, सगळ्या दिशांनी सरळ-वाकडे हजारो चरे आहेत, आणि त्यांतले जे उजेडाच्या आडवे येतात तेवढेच चमकून गोलाकार भासतात. डिटेलिंगवाले ज्यांना स्वर्ल मार्क म्हणतात ते हेच. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही ते तितकेच असतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत.

म्हणून धुताना पहिला हात लागण्याआधी जितकी घाण पाण्याने आणि फेसाने खाली येईल तितकी येऊ द्यायची. प्रेशरचं पाणी, मग फोम, फोमला काही मिनिटं मुरू द्यायचं पण वाळू द्यायचं नाही, पुन्हा पाणी. त्यानंतरच मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा. एक बादली शाम्पूची, दुसरी मिट खळबळून घ्यायची, दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे गाळ खाली बसतो आणि मिटवर परत चढत नाही. वरून खाली यायचं, चाकं आणि दरवाज्यांखालचे पट्टे सर्वांत शेवटी आणि वेगळ्या मिटने. मायक्रोफायबर ओढणीसारख्या सुती कपड्यांबरोबर धुवू नये आणि त्याला फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात लावू नये, त्याने बारीक तंतूंच्या फटी बुजतात. पाण्याची चणचण असलेल्या गावांसाठी बिनखळखळीचे शाम्पू आले आहेत. बादलीभर पाण्यात साधी धुळीची गाडी नीट निघते. चिखलाने माखलेल्या गाडीवर मात्र तो प्रयोग करू नये.

पाण्याचा विषय निघाला आहे तर थोडं थांबायला हवं. दख्खनच्या काळ्या कातळातून वर येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. न्हाणीघरातल्या नळावर पांढरी खरपुडी धरते तीच गाडीच्या टपावर गोल ठिपक्यांच्या रूपात बसते. भारतीय मानक १०५००: २०१२ नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. टँकरच्या पाण्याची अशी हमी कोण देणार? गाडीसाठी तर हे पाणी उन्हात वाळणं हाच धोका. ताजा डाग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. दोन-चार महिने तापलेला डाग क्लिअर कोटमध्ये खळगा करून बसतो आणि मग घासण्याशिवाय इलाज राहत नाही. पाणी वाचवायच्या सद्हेतूने पुष्कळ घरांत आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी गाडीसाठी साठवतात. ते पहिल्या फेरीला, चिखल उतरवायला जरूर वापरा. शेवटच्या फेरीला नको, कारण यंत्राने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

धुऊन, पुसून कोरडी केलेली गाडी डोळ्यांना स्वच्छ दिसते. इथेच बहुतेक जण मशीन हातात घेतात. त्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. हातात भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोकं बोनेटवरून अलगद फिरवा. उघड्या बोटाला जो पृष्ठभाग गुळगुळीत लागला होता तोच पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागतो. पिशवी कातडीचं घर्षण काढून टाकते, त्यामुळे लहानातला लहान उंचवटाही कळतो. नवीन, शोरूममधून कालच आणलेल्या गाडीवरही ही खरखर सापडते, कारण ती गाडी रेल्वेने किंवा ट्रेलरवरून, उघड्या यार्डांमधून प्रवास करत आलेली असते.

या खरखरीत बरंच लोखंड असतं. ब्रेक लागताना बिडाच्या डिस्कमधून कण उडतात, रुळांवरूनही उडतात. ते तापलेले असतात, रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर डिकीच्या खालच्या भागात नारिंगी टिंबं दिसतात ती हीच. ती काढायला आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं आणि पाण्यासारखा द्रव मिनिटाभरात जांभळा होऊन ओघळू लागतो. ओघळ पाहून मालक घाबरतात, रंग निघाला की काय म्हणून. निघतंय ते लोखंड. वास उग्र असतो, केस काढण्याच्या क्रीमच्या जवळ जाणारा, कारण रसायन त्याच कुळातलं. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, आणि गरम पत्र्यावर किंवा उन्हात हा फवारा मारू नये. दुकानात हे काम पोरांकडून बिनमोज्यांनी करून घेतलं जातं ते मला मुळीच पटत नाही.

डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने मऊ करून पुसायचे, नखाने खरवडायचे नाहीत. झाडांखालचा चिकटा बऱ्याचदा झाडाचा चीक नसतोच, फांद्यांवरच्या किडींनी टाकलेला गोड द्रव असतो. तो ताजा असताना कोमट पाण्यानेही सुटतो. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचलायची. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूची माळ घालतो. हे सगळं व्हावं, गाडी घराला जोडली जाते ती अशानेच. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढावं, माळ वेगात फडफडून रंगावर घासणार नाही अशी बांधावी, इतकंच माझं मागणं. फिक्या रंगाच्या गाडीवर दोन-तीन दिवस राहिलेलं कुंकू सहज जात नाही.

रसायनांनी जे सुटेल ते सुटल्यावर उरलेल्यासाठी क्ले. ही मळता येणारी, बारीक घासकण मिसळलेली, मातीसारखी वस्तू जपानमधून आली. तादाओ कोदाते यांच्या नावावर अशा लवचिक घासवडीचं १९९५चं अमेरिकन पेटंट आहे. रंगावर भरपूर वंगण फवारून क्लेची चपटी वडी नुसत्या बोटांच्या वजनाने सरळ रेषेत सरकवायची. आधी ती अडखळते, कर्रर्र आवाज करते, मग आवाज थांबतो आणि वडी घसरू लागते. तेवढा भाग झाला. वडी उलटून बघितली तर तपकिरी रेघा दिसतात. तिची घडी घालून नवा भाग वर आणायचा. जमिनीवर पडलेली वडी कितीही महाग असली तरी फेकून द्यायची, तिच्यात खडे बसलेले असतात. आणि हेही ध्यानात ठेवायचं की क्ले स्वतःही बारीक चरे पाडते. म्हणून ती पॉलिशच्या आधी येते, दर महिन्याला नाही. आयर्न रिमूव्हर तिच्या आधी का, तर जितकं लोखंड रसायनाने जाईल तितकं क्लेखाली रगडलं जाणार नाही.

मला सर्वांत समाधान देणारा टप्पा यानंतरचा आहे, पाहण्याचा. स्वच्छ झालेला पृष्ठभाग पहिल्यांदाच खरा दिसतो. पॅनेलगणिक जाडीमापक लावायचा. लोखंडी पत्र्यावर तो चुंबकीय पद्धतीने मोजतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटने. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधा मापक काहीच सांगत नाही. सगळीकडे १२० आणि एका दरवाज्यावर २५०, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. आकडा ५०० च्या पुढे गेला तर रंगाखाली लांबी भरलेली आहे असं समजावं. कुठे ८० च्या खाली आला तर यापूर्वी कुणीतरी पुष्कळ घासलं आहे, तिथे कंपाउंडला हात लावू नये. मापक एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोट किती उरला ते वेगळं सांगत नाही, म्हणून आकड्यांवर विसंबूनही थोडं राखूनच चालायचं. हे आकडे मालकाला दाखवून कागदावर लिहून द्यावेत, असा माझा आग्रह आहे. जुनी गाडी घेतलेल्या माणसाला अनेकदा अपघाताची बातमी पहिल्यांदा डिटेलिंगच्या दुकानातच कळते. ती सांगताना गलका करू नये, पण लपवूही नये.

टेपबद्दल थोडक्यात: रबर, काळं खरबरीत प्लॅस्टिक, लोगो आणि पॅनेलच्या कडा झाकायच्या. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिरलेलं पांढरं पॉलिश काढताना जीव मेटाकुटीला येतो. मग बोनेटवर फूटभर चौकोन निवडून सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात. तेवढ्याने काम भागलं तर पुढचं कडक काही उघडायचंच नाही. चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून मगच निकाल बघायचा, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांमध्ये भरून त्यांना तात्पुरतं झाकतं. दुकानातून निघताना आरशासारखी दिसणारी गाडी दोन धुण्यांनंतर पुन्हा जाळीदार दिसते तिचं बऱ्याचदा कारण हे असतं. ज्याने हे पुसून बघितलं नाही त्याने सिरॅमिक कोटिंग विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोटिंगखाली जे राहील ते पुढची काही वर्षं तसंच राहणार.

कित्येक गाड्यांना एवढ्या तयारीनंतर पॉलिश लागतच नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. लोखंड, डांबर आणि क्षार उतरले की रंग स्वतःच उजळतो. वॅक्सचा एक हात पुरतो. गिऱ्हाइकाला ‘तुमच्या गाडीला मशीनची गरज नाही’ हे सांगणारा दुकानदार त्या दिवशी थोडे पैसे कमी मिळवतो, आणि त्या गाडीचा क्लिअर कोट जागेवर राहतो. पुस्तकाची जवळजवळ दोन तृतीयांश पानं मशीन हातात येण्याआधीच संपतात, ती या विचाराने.

वाचणाऱ्याने प्रकरणांचा क्रम मोडू नये, अशी विनंती आहे. लोखंडाचं प्रकरण क्लेच्या आधी आहे आणि मापकाचं पॉलिशच्या आधी. गाडीवर काम करताना क्रम तोच राहील. दुकान चालवणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी साहित्य आणि लागणारा वेळ दिला आहे. घरी करणाऱ्यांसाठी, काय नसलं तरी चालेल तेही लिहिलं आहे. सुरुवात पाण्यापासून आहे. पहिल्या पानासाठी फक्त पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक स्वस्तातला टीडीएस मीटर आणि आपल्या नळाचं, बोअरचं किंवा टँकरचं एक पेलाभर पाणी जवळ घेऊन बसावं.